रेडीच्या घराचं सुतक

श्रावण संपत आला की आमच्या घरातल्या माणसांची तोंडं वाकडी व्हायला लागतात. महिनाभर मासे बंद असतात आणि पुढे चवथ होऊन गणपती पाण्यात जाईपर्यंत बंदच राहतात. अशाच एका दुपारी मी माजघराच्या जमिनीवर मोठा कागद पसरून बांगडा, मोरी (म्हणजे शार्क), माकुल आणि तिसऱ्या यांची चित्रं काढत बसले होते. सावंतवाडीला मी अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. सजीवांच्या वर्गीकरणाचा धडा दर वर्षी नेमका या सुमाराला येतो. खायला मिळत नव्हते, तर निदान कागदावर काढावेत म्हटलं.

आमचं गाव सावंतवाडीहून आत, डोंगराच्या कुशीत आहे. भात, काजू आणि थोडी आंब्याची कलमं यांवर घर चालतं. माझं माहेर मात्र मालवणचं, दर्याला लागून. त्यामुळे या घरात येऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली तरी माशांच्या बाबतीत मी अजून स्वतःला पाहुणीच समजते. त्यात या घरात वागळी शिजत नाही. वागळी म्हणजे तो पंख्यासारखा पसरट, लांब शेपटीचा मासा. त्याचं झणझणीत तिखलं मी माहेरी ठेवून आले, आणि त्याबद्दल सासरच्या माणसांना मी अजून पुरती माफी दिलेली नाही. का खात नाही म्हणून विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. खात नाहीत, एवढंच उत्तर मिळतं.

माझे चुलतसासरे काठी टेकत आत आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, पण नजर अशी की खळ्यात पडलेली सुपारी पडवीतून दिसते. भावकीत तेच सर्वांत थोरले, त्यामुळे देवाधर्माचं शेवटचं बोलणं त्यांचं. ते माझ्या कागदावर ओणवे झाले.

"ह्या काय काढलंस गो? माशांचो बाजार?"

"काका, ह्यो सगळ्या जिवांचो वंशवृक्ष."

"मगे बांगडो माणसाच्या फांदीक लावलंस आणि मोरी तकडे लांब? दोगय मासेच मां?"

हाच प्रश्न मुलांनी विचारावा म्हणून मी दर वर्षी वाट बघते, आणि मुलं कधी विचारत नाहीत. मी त्यांना बसायला पाट दिला आणि सांगितलं, की मासा हा शब्द बाजाराचा आहे. पाण्यात राहतो, कल्ले आहेत, पर आहेत, झालं, मासा. पण नात्याचा हिशेब वेगळा असतो. फार फार जुन्या काळी एक घराणं फुटलं. मोरीचे पूर्वज एका वाटेला लागले. त्यानंतर पुष्कळ काळ बांगड्याचे आणि आपले पूर्वज एकच होते, आणि मग तेही वेगळे झाले. म्हणजे बांगडा मोरीला जितका जवळचा, त्याहून आपल्याला जवळचा. दोघांचं रूप सारखं दिसतं, पण नातं रूपावर ठरत नाही, पूर्वज कधीपर्यंत एक होता त्यावर ठरतं.

काकांनी बराच वेळ बांगड्याकडे पाहिलं.

"म्हणजे मी जल्मभर भावकी खाल्लंय म्हण," ते म्हणाले, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकला येईपर्यंत हसले.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. काका फोनवर नेहमी ओरडून बोलतात, पण त्या दिवशी ते फक्त ऐकत होते. मग "बरा, बरा" म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली.

फोन रेडीहून होता, एका म्हाताऱ्या बाईचा. तिचा नवरा आदल्या दिवशी गेला होता. तिचं म्हणणं, तिचा नवरा आमच्याच भावकीतला, त्याच्या बापाच्या आज्याने आमचं गाव सोडून रेडीला घर केलं. मूलबाळ नाही. तिच्या भाच्याने अग्नी दिला. आता मूळ घराने तिच्या नवऱ्याचं सुतक धरावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"आपले न्हय ते," काका म्हणाले. "तेंचा आडनाव वेगळा."

मी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सुतक म्हणजे दहा दिवस, आणि चवथ त्या दहा दिवसांच्या आत येत होती. वाडीतलं एक घर सोडलं तर आमच्या साऱ्या भावकीचा गणपती एकच, तो आमच्या घरी बसतो. सुतक लागलं की त्या वर्षी तो घरात यायचा नाही. आमचा पाट केव्हाच गणपतीच्या शाळेत पोचला होता आणि मूर्तिकाराने त्यावर माती चढवून डोळ्यांपर्यंत काम आणलं होतं. मुंबईचे चुलतभाऊ सुट्ट्या काढून बसले होते. काकांनी तर आयुष्यात एकही चवथ चुकवली नव्हती. त्यांना नाही म्हणायला आडनावाचं कारण मिळालं आणि ते त्यांनी घट्ट धरलं, असं मला वाटलं. त्यांचा मला थोडा राग आला. पण राग आला म्हणून बाई खरं बोलत होती असंही सिद्ध होत नव्हतं.

काकांना एवढं ठाऊक होतं, की त्यांच्या पणजोबांचा एक भाऊ बांधावरून भांडून घर सोडून गेला. कुठे, ते सांगणारे दोन पक्ष होते. काही जण रेडी म्हणत, काही गोवा. त्यानंतर त्याचं नाव घरात कोणी काढलं नाही. आमच्याकडे माणूस नव्या गावात गेला की त्या गावाचं नाव लावतो आणि दोन पिढ्यांत जुनं नाव पुसलं जातं. हे कोकणात सगळ्यांना माहीत असतं आणि वेळ आली की सगळेच विसरतात.

"सुतक नाय धरूचा, पण समाचार घेवक जावया," काका म्हणाले. "मेलेल्या माणसाक वायट दिसता नये."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं रेडीला गेलो. बंदराकडच्या बाजूला रस्त्याकडेची झाडंही तांबूस दिसतात. खनिजाची धूळ पावसाने धुऊन निघते आणि पुन्हा बसते. त्या बाईचं घर लहान, कौलारू, दारात अबोलीची रोपं. गेलेला माणूस आयुष्यभर बंदरावर खनिज भरायच्या कामाला होता. त्याचा फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. मी फोटोत काकांचं नाक शोधलं. मला ते सापडलं, मग मी स्वतःवरच वैतागले. हवं ते नाक फोटोत सापडतंच. वर्गात मी मुलांना याच गोष्टीवरून ओरडते.

बाई भिंतीशी बसून होती. काकी म्हणावं अशाच वयाची, म्हणून मी काकी म्हटलं. तिने उठून पाण्याचे तांबे पुढे केले. काकांनी हात जोडले आणि पाणी घेतलं नाही. सुतकाच्या घरी बाहेरचा माणूस पाणी पीत नाही, घरचा असेल तर पितो. तिला ते बरोबर समजलं. तिने तांबे उचलून बाजूला ठेवले आणि मला फार वाईट वाटलं.

"माका काय एक नको," ती काकांना म्हणाली. "पैसो नको, वाटो नको. हयसर तेंच्यासाठी लोक रडले, मगे आंघोळ करून कामाक गेले. बरी माणसा आसत, पण तेंचा कोण नाय लागणा. सुतकात मी एकटीच बसलंय. ह्या माणसाक कोणच नव्हता काय?"

काकांनी खाली बघतच विचारलं, "कधी गावात इले नाय ते?"

"इल्ले. लगीन झाल्यार एकदा देवळात नारळ ठेवक इल्ले. थंय कोणीतरी नाव इचारल्यान आणि म्हटल्यान, ह्या नावाचो नारळ ह्या देवळात नाय. परत कधी गेले नाय. पण मूळ घर खंयचा, ता माका रोज सांगीत."

कोणी विचारलं असेल याचा अंदाज आम्हा तिघांनाही आला. काकांचे वडील तेव्हा देवळाचे मानकरी होते.

निघताना मी आतल्या खोलीत डोकावले. माणूस गेला त्या जागी दिवा लावून ठेवलेला होता, तसा सगळीकडेच ठेवतात. पण दिव्याशेजारी एक करवंटी होती. रिकामी, उताणी, आत काही नाही. मी उंबऱ्यावरच थांबले.

माझे सासरे गेले तेव्हा मी पहिल्यांदा अशी करवंटी पाहिली. मालवणला असलं काही नसतं. त्यात काय घालायचं म्हणून मी तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं. काही घालायचं नाही, त्या म्हणाल्या. मग ठेवायची कशाला? ठेवायची, त्या म्हणाल्या. बाहेरून आलेल्या सुनेला असल्या गोष्टी लख्ख दिसतात, घरच्यांना दिसत नाहीत.

मी काकीला विचारलं, "ही करवंटी कित्याक ठेवल्यात?"

"सासूबायन ठेवल्ली सासऱ्याच्या वक्ताक. कित्याक ता माका माहीत नाय." मग दारात उभ्या असलेल्या शेजारणीकडे बघून ती म्हणाली, "ह्यांच्याकडे नाय ठेवणत. माका हसतत."

शेजारीण संकोचाने हसली आणि तिने मान हलवली.

गाडीत बसल्याबसल्या मी काकांना गाठलं. करवंटी त्यांनीही पाहिली होती, त्यांची नजर मी सांगितलीच आहे. पण ते काही सहज हातात येणारे नव्हते.

"एका करवंटेन काय कळता? दिवो तर सगळेच ठेवतत."

"म्हणानच दिव्यान काय कळणा नाय, काका. करवंटेन कळता."

मग मी त्यांना देवबागचा डॉल्फिन सांगितला. पर्यटकांना होडीत घालून दाखवायला नेतात तो. त्याचं अंग आणि मोरीचं अंग एकाच साच्यातून काढल्यासारखं, निमुळतं, पाठीवर पर. पण त्यावरून ते नातलग ठरत नाहीत. पाण्यात जोरात जायचं तर अंग तसंच लागतं, जो जाईल त्याला ते वेगवेगळं कमवावं लागतं. डॉल्फिन पिलाला दूध पाजतो, त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते. आणि त्याचा पुरावा कुठे आहे? त्याच्या पोटात आत, कंबरेच्या हाडाचे दोन लहान तुकडे आहेत, ज्यांना पायच जोडलेले नाहीत. चालायला त्यांचा काही उपयोग नाही. कामाची गोष्ट कोणीही, कुठेही, गरज पडली की करतं. बिनकामाची गोष्ट दोन घरांत तशीच्या तशी असली, तर ती बहुधा एकाच ठिकाणाहून आलेली असते.

"अंधारात दिवो कोणय लावीत," मी म्हटलं. "रिकामी करवंटी कोण ठेवीत?"

तेरेखोलच्या खाडीकडून पावसाची सर आली आणि नवऱ्याने काच वर केली.

"भट शिकयता तसा लोक करतत," काका म्हणाले. "एकाच भटान दोन घरात शिकयला आसतला."

मला मनातून आनंद झाला. वर्गात असा आक्षेप घेणारा एक जरी मुलगा मिळाला असता तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं. त्यांचं म्हणणं रास्त होतं. गुण वारशानेच येतो असं नाही, शेजाऱ्याकडूनही उचलला जातो. मग ते पडताळायचं कसं? आमच्या भटाकडे जाणारं, पण आमचं नसलेलं एखादं घर बघायचं. भटाने शिकवलं असेल तर करवंटी त्याही घरात असणार.

पण असं घर आमच्या वाडीत नव्हतं. शेजारचं घर होतं, पण ते आमच्याच भावकीतलं. आडनाव तेच, पाणंद तीच, भट तोच. त्यांचं सुतक आम्ही धरतो, आमचं ते. मग मला आठवलं, की त्यांची आई गेली तेव्हा मी तिथे दहाही दिवस जात होते. दिवा होता. करवंटी आठवेना.

सकाळी मी त्यांच्या खळ्यात गेले. शेजारी तालुक्याच्या कचेरीत कारकून आहेत, माझ्याच वयाचे. ते माटवीसाठी कांगण्या आणि कवंडळं निवडत बसले होते. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं बांधून जो मांडव टांगतात, ती माटवी. मी करवंटीचं विचारलं.

"करवंटी? नाय बाय, आमच्यात नाय तसला काय."

"असा कसा? आपण एकच मां?"

त्यांनी कवंडळ खाली ठेवलं आणि गंमत वाटून माझ्याकडे पाहिलं.

"आमी मूळचे देवबागचे. माझो पणजो हयसर दुसऱ्याची जमीन कसूक इलो, मगे रवलो, आणि गावाचा नाव लावलान. काकांका माहीत नाय?"

"मगे आमचा सुतक कित्याक धरतास?"

"तुमी आमचा धरतास म्हणान."

मी कपाळावर हात मारला. तीन-चार पिढ्या दोन घरं एकमेकांची सुतकं पाळत होती. त्यांना वाटायचं आम्ही काही जाणून धरतो, आम्हाला वाटायचं आडनाव एक म्हणजे रक्त एक. त्यांच्या आईसाठी आमच्या घरात एक दिवाळी झाली नव्हती. आणि ज्याच्या घरात आमची करवंटी होती, त्याला नारळ घेऊन देवळातून परत पाठवलं होतं. मगरीला पालीच्या रांगेत बसवायचं आणि तिचे सर्वांत जवळचे जिवंत नातलग जे पक्षी, त्यांना वेगळ्या पानावर टाकायचं, हीच चूक माणसांनी पुष्कळ काळ केली. पक्ष्यांना पिसं आली, ते उडाले, म्हणून त्यांना भावकीतून काढलं. कूळ म्हणजे एक पूर्वज आणि त्याचे झाडून सगळे वंशज, त्यातून कोणाला गाळायचं नाही, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि मुलं वहीत उतरवतात.

मी घरी येऊन काकांना हे सांगितलं, आणि भट तोच असून त्या घरात करवंटी नाही हेही. ते आधी शेजाऱ्यांवर चिडले, मग माझ्यावर. जेवले नाहीत. दुपारी ते पडवीत एकटेच बोटांच्या पेरांवर पिढ्या मोजत होते.

"मास्तरणी," त्यांनी मला हाक मारली. चिडले की ते मला असंच म्हणतात. "तू म्हणतंस बांगडोय आपलो. मगे सगळ्या दर्याचा सुतक धरूचा काय? खंय थांबायचा?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. झाड एकच आहे, ते कुठेच तुटलेलं नाही. जाती, कुल, गण, वर्ग या पायऱ्या माणसाने आपल्या सोयीने पाडल्या. इथवर जवळचे आणि इथून लांबचे अशी रेघ निसर्गाने मारलेली नाही. कोण कोणापासून कधी फुटलं ते मी सांगू शकते, कोणासाठी रडायचं ते नाही.

"आमची रेघ आसा," काका म्हणाले. "सात पिढ्ये." आणि त्यांनी पुन्हा पेरं मोजली. पणजोबा, पणजोबांचा भाऊ, त्याचा मुलगा, नातू, पणतू. सात भरत नव्हत्या. रेघेच्या पुष्कळ अलीकडेच होते ते.

मग त्यांनी फोन मागितला. नंबर मी लावून दिला. काकांनी नेहमीसारखं ओरडून, काही प्रास्ताविक न करता विचारलं, "तुमी वागळी खातास?"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, कारण फोनचा आवाज काका कायम मोठा ठेवतात.

"नाय वो. ह्या घरात येवकच देणत नाय. लगीन होवन इलंय तेव्हा मी रडल्लंय त्या वागळीसाठी. माझा म्हायेर शिरोड्याचा."

रेडीसारख्या गावात, दर्याच्या काठावर, वागळी न खाणारं घर! मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दोन घरं शंभर वर्षांत एकमेकांशी बोलली नव्हती. त्यांची नावं, कामं, बोलण्याचे हेल सगळं बदललं, पण टाकलेला मासा दोन्हीकडे टाकलेलाच राहिला होता. आणि हे सांभाळलं कोणी? तिने आणि माझ्या सासूने. दोघीही बाहेरून आलेल्या. आमच्या भावकीच्या झाडात बायकांची नावं लिहीत नाहीत. हा वारसा कोणत्या शास्त्रात बसवायचा ते मला अजून कळलेलं नाही, आणि मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे.

"बरा," काका म्हणाले आणि फोन ठेवला. तिला त्यांनी पुढे काहीच सांगितलं नाही. मी म्हटलं, अहो, सांगा तरी. तर म्हणाले, "फोनार सांगूची गोष्ट न्हय ती. धाव्या दिसाक जावन तोंडार सांगतंय."

संध्याकाळी काकांनी देव्हाऱ्याचं दार लावलं. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नवऱ्याने त्यांच्या सांगण्यावरून लिहिलं, की रेडीचे थोरले भाऊ वारले, सुतक आहे, यंदा गणपती नाही. त्यावर मुंबईहून जे उत्तरांचं मोहोळ उठलं ते सांगण्यासारखं नाही. कोण रेडीचे, असं सगळ्यांनी विचारलं. एका पुतण्याने तर जीवशास्त्र शाळेत शिकवा, घरात नको, असा मला टोमणा मारला. काका म्हणाले, त्याला लिही, की तो मेल्यावर त्याचंही धरू.

मूर्तीचं काय करायचं हा प्रश्न शेजाऱ्यांनी सोडवला. ते सकाळी येऊन खळ्यातच उभे राहिले. "आता आमी तुमचे कोण नाय, मगे आमका सुतक नाय," ते म्हणाले. "तुमचो गणपती माझ्या घरात बसयतंय." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मिठी मारावी की शिव्या द्याव्यात हे त्यांना ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी मान डोलावली.

चवथीच्या दिवशी शेजाऱ्यांकडे दोन गणपती शेजारी शेजारी बसले, एक त्यांचा, एक आमच्या पाटावरचा. आमच्या घरात माटवी टांगली नव्हती, वाशांना नुसते हुक दिसत होते. मी भात आणि कुळथाची पिठी केली. काका सकाळपासून कुंपणाशी खुर्ची टाकून बसले. आरती सुरू झाली तशी त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर ताल धरायला लागली. शेजारी आरती घाईने म्हणतात. काका दोनदा पुटपुटले, "सावकाश रे, सावकाश."

तेवढ्यात फोन आला. काकांचा मोबाइल माझ्याकडे होता, मी कुंपणाशीच उभी होते. रेडीची काकी होती. काही तरी विचारायला फोन केला असावा, पण झांजांचा आवाज तिच्या कानात गेला आणि ती थांबली.

"आरती चालली हा मां?" ती म्हणाली.

मी काही बोलण्याआधी तीच पुढे म्हणाली, "बरा केलास. चवथ चुकवूची नाय. मी उगाच माझा दुख्ख तुमच्यार घातलंय. ठेवतंय हां." तिचा आवाज इतका सरळ होता, की जणू हेच होणार हे तिला आधीपासून माहीत होतं.

काकांनी ते ऐकलं. ते खुर्चीतून उठले, काठी न घेता दोन पावलं आले आणि माझ्या हातातला फोन घेतला. या वेळी ते ओरडले नाहीत.

"वहिनी," ते म्हणाले, "ती शेजारची आरती. आमच्याकडे गणपती बसूक नाय. आमका सुतक आसा."

पलीकडे ती रडायला लागली. आम्ही समाचाराला गेलो होतो तेव्हा ती रडली नव्हती. काका फोन कानाला लावून तसेच उभे राहिले, आणि शेजारची आरती संपून प्रसाद वाटला जाईपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही.